बाबांचा कार्डिऑलॉजिस्ट निवडताना

बिलाच्या धास्तीनं बाबा छातीतली कळ ‘गॅस असेल’ म्हणून लपवतात, असं तुमच्याकडेही होतं का? कळ आत्ता येत असेल, तर थेट ९११ लावा. एरवी डॉक्टर निवडताना दोन गोष्टी पाहा.

पहिली, शिक्षण: मेडिकल स्कूलची ४ वर्षं, इंटर्नल मेडिसिनची ३, मग कार्डिऑलॉजीची फेलोशिप साधारण ३. कार्डिऑलॉजीतलं बोर्ड सर्टिफिकेशन आहे ना, तेही तपासा.

दुसरी, विमा: ओरिजिनल मेडिकेअर असेल तर ‘असाइनमेंट स्वीकारता का?’ असं विचारा. ‘हो’ म्हणाले, तर मेडिकेअरनं मंजूर केलेली रक्कम हीच पूर्ण फी. डिडक्टिबलनंतर आपला वाटा बहुधा २० टक्के. ‘नाही’ म्हणाले, तर खर्च वाढू शकतो.

हा हिशेब बाबांना आधीच सांगा. मग दुखणं लपवायला निदान बिलाचं कारण उरणार नाही.