लाखांची बक्षिसे, प्रवेश शुल्काचा हिशेब : बैलगाडा शर्यतीपुढचा अनुत्तरित प्रश्न

पुणे : सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीविषयीचा कायदा वैध ठरवला आणि शर्यत व्हावी की होऊ नये, हा वाद न्यायालयीन पातळीवर मिटला. आता मैदानांवर वेगळ्याच प्रश्नाची चर्चा आहे. बक्षिसांच्या रकमा काही हजारांवरून लाखांवर आणि तेथून मोटारगाड्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. अशा मोठ्या बक्षिसाच्या मैदानात उतरण्यासाठी गाडामालकाने प्रवेश शुल्क भरावे का, भरायचे तर किती, आणि ते पैसे नेमके कोठे जावेत, या प्रश्नांना राज्यात एकसारखे उत्तर नाही.

बक्षिसांचा हा चढता आलेख अलीकडचा आहे. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळील चिखली येथे झालेल्या शर्यतीत जेसीबी यंत्र, चारचाकी आणि ट्रॅक्टर अशी बक्षिसे लावण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या मैदानात पहिल्या क्रमांकासाठी फॉर्च्युनर मोटार ठेवण्यात आली होती. जत्रेच्या दिवशी फेटा, नारळ आणि निशाण घेऊन घरी परतणाऱ्या मालकाच्या पिढीला हे चित्र ओळखीचे नाही.

बंदीपासून परवानगीपर्यंत

केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेद्वारे बैलाचा समावेश प्रदर्शन व कसरतीसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यत या दोन्हींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ च्या निकालाने त्यांना कायम आधार मिळाला.

या परवानगीला अटींची चौकट आहे. आयोजकाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, ५० हजार रुपयांची अनामत ठेवावी लागते आणि धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब असता कामा नये. बैल तंदुरुस्त असल्याचे पशुवैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक आहे. बैलाला यातना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. या चौकटीचा सारा रोख बैलाच्या संरक्षणावर आहे. मालकाच्या खिशातून निघणाऱ्या शुल्काचा विचार त्यात केंद्रस्थानी नाही, आणि नेमकी तीच बाजू आता महत्त्वाची ठरू लागली आहे.

दोन पद्धती, दोन अर्थव्यवहार

राज्यात शर्यतीची एकच रीत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर या पुणे जिल्ह्यातील तालुक्यांत घाटाची शर्यत होते. तेथे एक-एक गाडा स्वतंत्रपणे धावतो आणि सेकंदांच्या हिशेबाने क्रमांक ठरतो. एका क्रमांकात अनेक गाडे बसले, तर इनाम त्यांच्यात विभागले जाते. या शर्यती बहुतांशी ग्रामदैवताच्या यात्रेला जोडलेल्या आहेत आणि इनामाची रक्कम लोकवर्गणीतून व देणगीदारांकडून उभी राहते.

सातारा, सांगली, कोल्हापूर भागात दोन बैलांचा हलका छकडा धावतो. एका वेळी अनेक छकडे शेजारी-शेजारी सुटतात आणि गट, उपांत्य, अंतिम अशा फेऱ्यांतून विजेता ठरतो. येथे ‘ओपन’ मैदानांची प्रथा रुळली असून पत्रिकेवर बक्षिसांच्या रकमांबरोबर प्रवेश फीचाही उल्लेख असतो. अनेकदा दोन वेगवेगळ्या मालकांचा एकेक बैल जोडून छकडा उतरवला जातो. फीही वाटून भरली जाते आणि बक्षीसही वाटून घेतले जाते.

यातला फरक केवळ धावण्याच्या रीतीचा नाही. घाटाच्या शर्यतीत गाव यजमान असते आणि गाडामालक पाहुणा. खुल्या मैदानात मालक हा पैसे भरून आलेला स्पर्धक असतो. जत्रेतील कुस्तीचा फड या संदर्भात पाहण्यासारखा आहे. फडात पैलवान पैसे भरून उतरत नाही. लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत इनाम गाव लावते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीचा किताब जिंकणाऱ्या शिवराज राक्षेला थार मोटार मिळाली, तीही बक्षीस देणाऱ्यांकडून. हरलेल्या पैलवानांच्या पैशातून नव्हे.

शुल्काच्या बाजूने

तरीही शुल्काची मागणी निराधार म्हणता येत नाही. मोठ्या मैदानाचा खर्च मोठा असतो. जागा सपाट करणे, धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना मजबूत कठडे उभारणे, रुग्णवाहिका, पशुवैद्यक, पंच, निकालासाठी कॅमेरे, पिण्याचे पाणी, वाहनतळ, यातील कोणतीही गोष्ट फुकट मिळत नाही. कठड्यांवर काटकसर झाली तर उधळलेला छकडा थेट गर्दीत शिरण्याचा धोका असतो.

दुसरा मुद्दा शिस्तीचा. नोंदणी विनाशुल्क असली की नावे भरमसाट येतात आणि प्रत्यक्षात अनेक गाड्या हजर होत नाहीत. गट कोलमडतात, वेळापत्रक लांबते आणि आलेल्या बैलांना उन्हात ताटकळत राहावे लागते. माफक शुल्क भरलेला मालक सहसा वेळेवर पोहोचतो. ज्याला स्पर्धेचा लाभ घ्यायचा आहे त्याने खर्चाचा काही वाटा उचलावा, हे तत्त्वही न्याय्य आहे.

विरोधाची बाजू

शर्यतीच्या बैलाचा सांभाळ मुळातच महाग असतो. खिल्लार खोंडाची खरेदी, रोजचा खुराक, सराव, औषधपाणी, चालकाचे मानधन आणि प्रत्येक मैदानापर्यंत टेम्पोचे भाडे हा खर्च बैल जिंकला वा हरला तरी थांबत नाही. त्यातही मैदान भरते ते धावणाऱ्या बैलांमुळे. प्रेक्षक, जाहिरातदार, खाद्यपदार्थांची दुकाने आणि आयोजकाचा नावलौकिक हे सारे त्याच बैलांभोवती उभे राहते. ज्याच्यामुळे गर्दी जमते त्याच्याकडूनच पैसे घ्यावेत काय, हा आक्षेप त्यातून येतो.

गणित मांडले की प्रश्न अधिक स्पष्ट होतो. एखाद्या मैदानाची प्रवेश फी दोन हजार रुपये आणि नोंदणी ३०० गाड्यांची आहे असे मानले, तर सहा लाख रुपये जमतात. सर्व बक्षिसांची बेरीज पाच लाख असेल, तर बक्षीस देणारा आयोजक नसून हरलेले मालकच आहेत. त्याच मैदानात बक्षिसे २५ लाखांची असतील आणि ती पुरस्कर्त्यांनी दिली असतील, तर सहा लाखांचे शुल्क व्यवस्थेच्या खर्चात जाते. फी दोन्हीकडे सारखीच. व्यवहाराचे स्वरूप मात्र पूर्णपणे वेगळे.

हाच निकष परदेशातील मोठ्या शर्यतीलाही लावून पाहता येतो. अमेरिकेतील केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत प्रवेशासाठी २५ हजार आणि प्रत्यक्ष धावण्यासाठी आणखी २५ हजार डॉलर मालकाला मोजावे लागतात. रक्कम डोळे विस्फारणारी असली तरी २० घोड्यांचे हे शुल्क मिळून १० लाख डॉलर होते, तर २०२४ पासून एकूण बक्षीस ५० लाख डॉलरचे आहे. बक्षिसाचा मोठा भाग स्पर्धकांच्या शुल्काबाहेरून येतो.

कायदा काय सुचवतो

आपल्या मालकीचा बैल धावपट्टीवर उतरवणारा मालक हा सट्टेबाज नव्हे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन प्रकरणात म्हटले होते. त्यामुळे केवळ प्रवेश शुल्क घेतले म्हणून शर्यत जुगार ठरते, हा निष्कर्ष टिकणारा नाही.

तथापि, संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यातील एक भेद येथे मार्गदर्शक ठरू शकतो. तो कायदा मैदानी शर्यतींना लागू नाही. पण शुल्क भरून बदल्यात पैसे जिंकण्याची आशा ठेवणे आणि केवळ स्पर्धेत प्रवेशासाठी वा व्यवस्थापन खर्चासाठी शुल्क देणे, या दोन बाबी त्याने वेगळ्या केल्या आहेत. ई-स्पोर्ट्समध्ये दुसऱ्या प्रकारचे शुल्क आणि कामगिरीवर आधारित बक्षीस दोन्ही मान्य आहेत. बैलगाडा मैदानांना हीच कसोटी लावता येईल.

कराचा मुद्दाही दुर्लक्षित राहतो. शर्यतीतील जिंकलेल्या रकमेवर आयकर कायदा ३० टक्के दराने कर आकारतो आणि त्या उत्पन्नातून खर्चाची वजावट देत नाही. शर्यतीचे घोडे बाळगणाऱ्या मालकांसाठी त्यात अपवाद आहे. बैलांच्या मालकांचा तसा उल्लेख नाही. बैलगाड्याचे बक्षीस या तरतुदीत मोडते असे धरल्यास, वर्षभरात वीस मैदानांची फी भरून एकदाच जिंकलेल्या मालकाला त्या फीची वजावट मिळणार नाही.

बैलावरचा भार

या वादातील सर्वांत गंभीर धागा मालकाच्या खिशाचा नसून बैलाच्या पायाचा आहे. मोठी फी भरलेली आहे, परत मिळणार नाही आणि सकाळी बैल किंचित लंगडताना दिसतो. अशा वेळी माघार घेणाऱ्या प्रामाणिक मालकाचे नुकसान होते आणि तसाच बैल जुंपणाऱ्याला संधी मिळते. शुल्काची अशी रचना नकळत कायद्याच्या हेतूविरुद्ध काम करते. घटनापीठाने शर्यतींना मान्यता देताना बैलांच्या वेदना कमी करणाऱ्या नियमांवर भर दिला होता आणि त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली होती. त्या दृष्टीने शुल्क ही आयोजक आणि मालक यांच्यातील खासगी बाब राहत नाही.

यावरचे उपाय अवघड नाहीत. परवानगीच्या अर्जासोबत आयोजकाने बक्षिसांचा निधी कोठून येणार आणि शुल्क कशावर खर्च होणार, हे लेखी द्यावे. बक्षिसाची रक्कम नोंदणीवर अवलंबून न ठेवता आधीच हमीपूर्वक जाहीर व्हावी. गैरहजेरी रोखण्यासाठी फीऐवजी अनामत घ्यावी आणि गाडी हजर होताच ती परत करावी. पशुवैद्यकाने बैल अपात्र ठरवल्यास किंवा मालकाने दुखापतीमुळे माघार घेतल्यास पूर्ण रक्कम परत मिळावी. मैदान संपल्यावर जमाखर्च जाहीर झाला, तर संशयालाही जागा उरणार नाही.

प्रवेश शुल्क सरसकट रद्द केले तर लहान आयोजक मागे हटतील आणि शर्यती केवळ बड्या पुरस्कर्त्यांच्या व राजकीय पाठबळाच्या हाती जातील. ते अनिर्बंध ठेवले तर दावणीला एकच जोडी असलेला शेतकरी मैदानाबाहेर फेकला जाईल. सात वर्षांहून अधिक काळ बंदी सोसून आणि न्यायालयात लढून ही शर्यत परत आली, ती शेतकऱ्याची परंपरा म्हणून. तो दावा खरा ठरवायचा, तर पत्रिकेवर बक्षिसाच्या आकड्याशेजारी शुल्काचा हिशेबही तितक्याच ठळकपणे छापला जावा लागेल.