समुद्राकाठचं गोडं पाणी

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या जालन्यात सातशेच्या आसपास. तरी मे महिन्यात टँकरची वाट दोन्हीकडची माणसं बघतात. आमच्याकडं पाऊसच कमी. तिकडं पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपत, उतारावरून धावत समुद्र गाठतं.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. कुठंही गेलो तरी कान बोअरच्या मोटारीकडं. मेमध्ये आम्ही मित्र नगर, पुणे, ताम्हिणी करत मंडणगडला उतरलो आणि केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड अशी गावं बघत दाभोळहून फेरीबोटीनं गाडीसकट धोपाव्याला गेलो. हर्णैला सुवर्णदुर्गासमोर चाललेला मासळीचा लिलाव बघितला. सुरमईचा भाव ऐकून आमचा मोसंबीवाला मित्र बराच वेळ गप्प होता.

एका मुक्कामी संध्याकाळी सगळे समुद्रातून आले आणि शॉवरखाली उभे राहिले. थोड्याच वेळात मागची मोटार एअर घ्यायला लागली. मी पळत जाऊन स्विच बंद केला. आणखी चालली असती तर वाइंडिंग जळालं असतं. घरमालकीणबाई संकोचून म्हणाल्या, "दादा, वाळू किनाऱ्यावरच झटकून या हां. विहीर आता तळाला गेलीय." आमच्यातला एक पुटपुटला, "समोर एवढा समुद्र, अन् पाणी मोजून?"

मोजूनच. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, दुधावर साय असावी तसं. उपसा वाढला की खालचं खारं वर चढतं. मग विहीर मचूळ होते, मोटारीचे बुश-इंपेलर खाल्ले जातात, आणि माड-पोफळीच्या आगराला पाजायलाही ते पाणी धड राहत नाही. पर्यटक दोन दिवसांनी निघून जातो, विहीर मात्र त्या घराची असते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या रिसॉर्टवाल्यांबद्दल काय बोलावं? त्यांना पोहायला समुद्र कमी पडतो बहुतेक.

माझं मत सरळ आहे. निवास-न्याहारीची परवानगी देताना खोल्या मोजतात, तसं पाणीही मोजा. छपरावरचं पावसाचं पाणी साठवणारी टाकी किती लिटरची, विहिरीचा मे महिन्यातला उपसा किती, हे कागदावर आल्याशिवाय नवी खोली नको. टाकीला सरकारनं अनुदान द्यावं. अडवलेलं पाणी काय करतं, ते आमच्या तालुक्यातल्या कडवंचीत जाऊन बघा. तिथं 1996 पासून पाणलोटाचं काम झालं, शेततळी आली आणि कमी पावसाच्या मुलखात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. कोकणात तर आकाश चौपट देतं.

आणि जालनेकरांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. 2012-13 च्या दुष्काळात टँकरमागं हंडे घेऊन आपणच धावलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्याला जाल तेव्हा अंघोळ बालदीनं करा, गाडी तिथं धुऊ नका, आणि खोली ठरवताना भाड्याआधी पाण्याची चौकशी करा.