जुन्या गाडीला नवा जोर : खर्च कोठे करावा?

मोठ्या कुटुंबाला मोठी गाडी हवी, या गरजेतून १९९४ साली टाटा सुमो, २००० साली महिंद्र बोलेरो आणि २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली. पैकी सुमोचे नाव सुमंत मुळगावकर या कर्तबगार अभियंत्याच्या नावाआडनावाच्या आरंभीच्या अक्षरांवरून घेतलेले आहे. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तरी या तिन्ही जातींच्या जुन्या गाड्या आजही पुष्कळ घरांची सेवा करीत आहेत. त्या मजबूत आहेत, त्यांची दुरुस्ती गावोगावचे मिस्तरी जाणतात, आणि नव्या गाडीची किंमत पाहिली की घरची जुनी गाडी अधिकच प्रिय वाटू लागते.

मग एके दिवशी ‘गाडी पूर्वीसारखी ओढत नाही’ अशी तक्रार सुरू होते. घरातील तरुण मुले जोर वाढविणाऱ्या पेटीची, रुंद टायरांची, मोकळ्या सायलेन्सरची माहिती आणतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘जुन्या गाडीत पैसा ओतणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.’ दोन्ही पक्षांत थोडे तथ्य आहे. जुन्या गाडीवर केलेला खर्च सार्थकी लागतो, मात्र त्याचा क्रम चुकता कामा नये. गेलेला जोर आधी परत मिळवावा, नंतर गाडी थांबविण्याची व सावरण्याची शक्ती वाढवावी, आणि नवा जोर विकत घेण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

प्रथम गेलेल्या जोराविषयी. डिझेल इंजिनाला हवा आणि इंधन दोन्ही योग्य प्रमाणात लागतात. हवेचा फिल्टर धुळीने गच्च झाला, टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारी रबरी नळी चिरली, किंवा नोझल इंधनाचा बारीक फवारा न मारता थेंब टाकू लागले, तर काळा धूर वाढतो आणि चढावर गाडी दम टाकते. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असे दिसल्यास क्लच प्लेट घसरते आहे असे समजावे. दहापंधरा किलोमीटर चालवून आल्यावर एक चाक इतर चाकांपेक्षा फार तापलेले आढळले, तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहतो आहे. टायरांत हवा कमी असणे हे तर अगदी साधे कारण, पण तेच पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. या गोष्टी दुरुस्त करण्यास नव्या साधनांच्या मानाने थोडा खर्च येतो, आणि गाडी कित्येकदा एवढ्यानेच पुन्हा ओढू लागते.

गाडीचा परिसर ओळखीचा असावा म्हणून एक सोपी चाचणी सांगतो. एक ठरावीक चढ निवडावा. तीच माणसे, तेच गिअर आणि पायथ्याशी तोच वेग ठेवून माथ्यावर किती वेग उरतो ते वहीत टिपून ठेवावे. इंधनासाठी टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे अंतर तीन वेळा मोजावे. दुरुस्तीनंतर हेच पुन्हा करावे. आकडे समोर असले म्हणजे गॅरेजमधील स्तुतीवर विसंबून राहावे लागत नाही.

आता दुसरी पायरी, आणि माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची. सात माणसे व सामान धरून अशा गाडीचे वजन सुमारे अडीच टन भरते. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना ती सुमारे ५०० मीटर खाली येते. एवढे वजन एवढे उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, ती चाळीस लिटर पाणी उकळीला आणण्यास पुरेशी असते. मसुरीहून देहरादूनला उतरताना तर ती याच्या दुपटीहून अधिक होते. हवेचा विरोध आणि लहान गिअरमध्ये ठेवलेले इंजिन यांपैकी काही भाग शोषून घेतात. उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या तबकड्यांना व ड्रमना सोसावी लागते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा हळूहळू ओढून घेते. डॉट ४ जातीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकते. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलणे, फुगलेल्या रबरी नळ्या काढून टाकणे, चांगल्या प्रतीचे पॅड व लायनर बसविणे आणि मागच्या ड्रमची जुळणी करून घेणे, हे जुन्या गाडीवरील सर्वांत फलदायी खर्च होत. देशात नव्या मोटारींना एबीएस २०१९ पासून सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत ते नाही, आणि नंतर बसविणे व्यवहार्य नसते. म्हणून आहेत ते ब्रेक उत्तम राखणे अधिकच अगत्याचे ठरते.

ब्रेक कितीही चांगले असले तरी रस्ता धरतात ते टायरच. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ याचा अर्थ तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक दिसली तरी वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले रबर कडक होते व ओल्या रस्त्यावर घसरते. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे. मात्र नवे टायर घेताना मोठ्या मापाचा मोह टाळावा. २३५/७५ आर १६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७५९ मिलिमीटर असतो, तर २६५/७५ आर १६ चा ८०४. हा सहा टक्क्यांचा फरक आहे. मोठे चाक लावल्यावर वेगमापक ६० दाखवील तेव्हा गाडी ६३ च्या पुढे धावत असेल, आणि चाकाशी मिळणारी ओढ तेवढ्याच प्रमाणात घटेल. जोर वाढविण्यासाठी केलेला खर्च जोर घटवून बसतो तो असा.

शॉक ॲब्सॉर्बर आणि बुश यांची झीज सावकाश होते, म्हणून ती जाणवत नाही. ते बदलले की गाडी वळणावर डुलत नाही आणि ब्रेक दाबताच नाक खुपसत नाही. याउलट कमानी चढवून गाडी उंच केली तर तिचा गुरुत्वमध्य वर जातो. आधीच उंच असलेली ही वाहने मग अचानक वळविताना उलटण्याचा धोका वाढतो. छतावर जड सामान लादण्याचाही परिणाम हाच.

दिव्यांच्या बाबतीतही मूळ कारण शोधावे. प्रकाश मंद पडतो तो बहुधा काळवंडलेल्या परावर्तकामुळे, किंवा जुन्या तारांत वीज वाया जाते म्हणून. परावर्तक बदलून, रिले व जाड तार घालून नेहमीचे ६०/५५ वॅटचे बल्ब लावले तरी रस्ता स्वच्छ दिसतो. जास्त वॅटचे बल्ब जुन्या तारा वितळवितात, आणि हॅलोजनसाठी घडविलेल्या दिव्यात दुसऱ्याच जातीचा बल्ब बसविला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. मागील बाकांना पट्टे नसतील किंवा असलेले चालत नसतील, तर तेही याच वेळी पाहावे.

एवढे झाल्यावर नव्या जोराचा प्रश्न. जोर वाढविणाऱ्या पेटीने किंवा संगणकीय बदलाने टर्बो इंजिनाची ओढ वाढते, हे खोटे नाही. परंतु जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता. ती पिस्टन, टर्बो व हेड गॅस्केट यांनी सोसावयाची, आणि वाढलेली ओढ झिजलेल्या क्लच व गिअरपेटीने पेलावयाची. जुन्या यांत्रिक पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढविले आणि हवा तेवढीच राहिली, तर काळा धूर तेवढा वाढतो. उघड्या हवा-फिल्टरमधून इंजिनाभोवतीची तापलेली हवा व रस्त्यावरची धूळ आत जाते. मोकळ्या सायलेन्सरने आवाज वाढतो, आणि आवाजालाच आपण जोर समजतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हीही, अशी शिक्षा ठरविली. पुढे लावलेल्या लोखंडी आडगजांविरुद्ध केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळविले होते. विमा कंपनीला न कळविलेला बदल तर अपघातानंतर भरपाईच्या आड येऊ शकतो.

शेवटी हिशेब. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाचपाच वर्षांनी नूतनीकरण होते. दिल्ली व तिच्या परिसरात जुन्या वाहनांना वेगळे निर्बंध आहेत, ते तेथील वाचकांनी आधी पाहावेत. गाडी उरलेले किती महिने वापरावयाची ते ठरवून खर्चाला त्या महिन्यांनी भागावे. तत्पूर्वी गाडी रॅम्पवर चढवून चासीस पाहावी. कोकण, गोवा, केरळ अशा खाऱ्या हवेच्या प्रदेशात ती गंजलेली असण्याचा संभव मोठा. चासीसच पोखरली असेल, तर नवे टायरही तिला तारणार नाहीत, आणि तेथे हात आखडता घेणे हेच शहाणपण.

चासीस निकोप असेल, तर मात्र भावंडांनी एकत्र बसून कागदावर चार ओळी लिहाव्यात : ब्रेक, टायर, शॉक ॲब्सॉर्बर, दिवे. चारही ओळींपुढे खूण झाल्यावर पैसे उरले आणि चढ तरीही जड जात असेल, तर जोराची पाचवी ओळ खुशाल लिहावी. बहुतेक घरांत ती लिहिण्याची वेळ येणार नाही. चढावर मागे पडलेली गाडी चार मिनिटे उशिरा घरी पोचते. उतारावर न थांबलेली गाडी पोचेलच असे नाही.