कोयत्याचा मालक कोण?

साथींनो, साखर कारखान्याच्या गेटच्या आत काम करणाऱ्याला हजेरीपट आहे, प्रॉव्हिडंट फंड आहे, त्रिपक्षीय वेतन करार आहे. गेटबाहेर फडात ऊस तोडणाऱ्याला यातले काहीच नाही. त्याची मोळी आली नाही, तर गव्हाण रिकामी राहील आणि साखरेचा एक दाणाही पडणार नाही.

बीड, जालना, परभणीच्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोच्या जोड्या निघतात. अशा जोडीला म्हणतात एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर असते. आजारपण असो की बाळंतपण, खाडा झाला की दंड कापला जातो. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. साखरेची खरी किंमत ही आहे.

कारखानदार म्हणतात, आमचा करार मुकादमाशी, मजुराशी आमचा संबंध नाही. मग आम्ही विचारतो, कोणाचा फड कधी तोडायचा हे कोण ठरवते? कारखान्याचा शेती विभाग. फडात चिठ्ठी कोण देते? कारखान्याचा चिटबॉय. वजन कोणाच्या काट्यावर होते? कारखान्याच्याच. हुकूम कारखान्याचा, माणूस मात्र मुकादमाचा!

काम हंगामी आहे, ही सबबही टिकत नाही. कारखान्यातला हंगामी कामगार पटावर असतोच.

उसाला १९६६ च्या नियंत्रण आदेशाचे संरक्षण आहे. १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज. साखरेलाही २०१८ मध्ये किमान विक्री दर मिळाला. तोडणाऱ्याचा दर मात्र दर वेळी संप करून, वाटाघाटी करूनच वाढवून घ्यावा लागतो. जानेवारी २०२४ मधील ३४ टक्के वाढ ही त्या लढ्याची कमाई आहे. पण दर वाढला तरी मालक ठरला नाही.

टपालातील साथींना हा डाव ओळखीचा आहे. ग्रामीण डाक सेवक खात्याचे काम करतो, पण खात्याचा नियमित कर्मचारी मानला जात नाही. रेल्वेत ठेकेदाराच्या नावावर डबे धुणाऱ्याची गतही तीच. म्हणून हा प्रश्न परका नाही.

आमची मागणी साधी आहे: प्रत्येक कोयत्यातील दोघांची नावे वेगवेगळी कारखान्याच्या पटावर घ्या, मजुरी ज्याची त्याच्या हाती द्या, फंड व विमा लागू करा. ज्याचा हुकूम चालतो, तोच मालक. जबाबदारीही त्याचीच!