शंकूची सावली

दहावीचा निकाल लागला कीं आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत एक सभा भरते. तिला अध्यक्ष नसतो, परंतु वक्ते पुष्कळ असतात. आणि जिच्याविषयीं ठराव व्हावयाचा ती मुलगी बहुधा दाराशीं मुकाट्यानें उभी असते. गेल्या वर्षीं आमच्या घरीं अशीच सभा भरली. आमच्या नातीस अकरावीच्या शास्त्रशाखेंत पदार्थविज्ञान, रसायन व गणित यांच्या जोडीला जीवशास्त्र न घेतां भूशास्त्र घ्यावयाचें होतें. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, जीवशास्त्र सोडलें म्हणजे वैद्यकाचें दार बंद झालें, आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेंत तर भूशास्त्राचें नांवहि नाहीं. मग हा विषय घेऊन लाभ कोणता? सूनबाईंची अडचण निराळी होती. हा विषय शिकविणारीं कनिष्ठ महाविद्यालयें थोडीं. मुलीला रोज दोन बस बदलून जावें लागणार. शेवटीं सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें.

आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें, आणि गुणपत्रिकेवरून मुलाचें मोल ठरवूं नये असें कित्येक पालकांस सांगितलें. परंतु त्या दिवशीं आमच्याहि तोंडून निघालें तें हेंच कीं, "बाळ, दगडधोंडे पुढें केव्हांहि वाचतां येतील, आतां गुण मिळतील तें घे." ती म्हणाली, "आजोबा, संस्कृतहि पुढें केव्हांहि वाचतां आलें असतें. तुम्ही तें तेव्हांच कां घेतलें?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. सभा तशीच मोडली, आणि विषय घेतला गेला.

हा विषय म्हणजे काय, हें आमच्याप्रमाणेंच पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. भूशास्त्रांत खनिजें, खडक, जीवाश्म, भूकंप, भूस्तरांच्या घड्या व भेगा यांचा विचार येतो. प्रात्यक्षिकांत मुलें हातीं दगड घेऊन तो कोणता हें ओळखावयास शिकतात. खनिजाच्या काठिण्याचें माप एकापासून दहापर्यंत असतें. शंखजिरें एकावर, हिरा दहावर. नख, तांब्याचें नाणें, कांच यांनीं ओरखडा उठतो कीं नाहीं हें पाहून खनिजाची जागा ठरवितात. आकाशाचा भाग मात्र आमच्याकडे विखुरलेला आहे. थोडा पदार्थविज्ञानांतील गुरुत्वाकर्षणाच्या पाठांत, थोडा भूगोलांत. जपानांतील उच्च माध्यमिक शाळांत 'चिगाकु' या एकाच विषयांत खडक, भूकंप, हवामान व तारे हे सर्व शिकवितात. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांतहि बारावीला पृथ्वी आणि अवकाश यांचा मिळून एक विषय आहे. ही जोडणी आम्हांस योग्य वाटते. पृथ्वी हीहि आकाशांतलीच एक वस्तु आहे, आणि एकीचा हिशेब दुसऱ्यावांचून पुरा होत नाहीं. याचा अनुभव आम्हांस घरींच आला.

डिसेंबरांत नातीनें गच्चीवर १२० सेंटिमीटर लांबीची एक सरळ काठी ओळंबा लावून उभी केली, आणि रोज दुपारीं तिची सर्वांत आंखूड सावली मोजूं लागली. आम्हीं पाहिलें आणि म्हटलें, "हा तर शंकु! बारा अंगुळांचा शंकु आमच्या ज्योतिषग्रंथांत पदोपदीं येतो." ती म्हणाली, "मग दहा सेंटिमीटरांचें एक अंगुळ धरूं." पहिली गंमत अशी कीं, सावली घड्याळाच्या बारा वाजतां आंखूड होईना. पुण्यांत ती साडेबारा उलटल्यावर होई. कारण आपलें घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतें, आणि पुणें त्याच्या बरेंच पश्चिमेस, चौऱ्याहत्तर अंशांच्या जवळ आहे.

२२ डिसेंबरास ती सावली सुमारें १०८ सेंटिमीटर भरली. पुढें ती कमी कमी होत १४ जानेवारीस १०० वर आली. त्या दिवशीं घरांत तिळगूळ वाटणें चाललें होतें, आणि आम्ही नित्याप्रमाणें सांगत होतों कीं आज उत्तरायण लागलें. नातीनें वही पुढें केली. सूर्य उत्तरेकडे वळून तेवीस दिवस होऊन गेले होते!

हीच गोष्ट आम्ही चाळीस वर्षें वर्गांत सांगत आलों होतों. कारण पाहूं गेलें तर गूढ नाहीं. पृथ्वीचा आंस भोंवऱ्याप्रमाणें डुलतो; त्याची एक फेरी सुमारें २६,००० वर्षांची. त्यामुळें अयनबिंदु ताऱ्यांमधून दर ७२ वर्षांस सुमारें एक अंश मागें सरतो. आपलीं बहुतेक पंचांगें मकर राशि ताऱ्यांवरून मोजतात. सूर्य मात्र आंसाचा कल पाहून वळतो. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं घडत. आतां त्यांत इतकें अंतर पडलें आहे. याच चलनाच्या आधारें लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं 'ओरायन' ग्रंथांत वेदकालाचा निर्णय करण्याचा यत्न केला. 'अयनचलन' हा शब्द आम्हांस चांगला येत होता. त्याची व्याख्याहि आम्ही सांगितली असती. परंतु गच्चीवर जाऊन सावली मोजावी असें आम्हांस उभ्या जन्मांत सुचलें नाहीं. मार्चांत दिवसरात्र समान झालीं तेव्हां सावली ४० सेंटिमीटर, म्हणजे चार अंगुळें आली. जुन्या ग्रंथांतील पलभा ती हीच. तेवढ्या प्रमाणावरून नातीनें पुण्याचा अक्षांश साडेअठराच्या जवळपास काढून दाखविला.

ही झाली आकाशाची गोष्ट. तींत चूक झाली तरी कोणाचें घर बुडत नाहीं. जमिनीची गोष्ट तशी नाहीं.

आमचें मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यांत, डोंगराच्या उतारावर आहे. धाकट्या बंधूंच्या मनांत आलें कीं, मागील दरड आठ-दहा फूट तोडावी, म्हणजे दोन मोटारी उभ्या राहतील. मे महिन्यांत यंत्र यावयाचें ठरलें. आम्ही सर्व तेथें होतों. नात सकाळीं दरडीवर चढून गेली, आणि जेवणाच्या वेळीं म्हणाली, "आजोबा, वर जांभा आहे, पण खालीं पांढरट मऊ चिकणमाती आहे. जांभ्याला वर भेगा आहेत, आणि कांहीं झाडांचे बुंधे बुडाशीं वांकलेले आहेत. पायथा तोडूं नये असें मला वाटतें."

मग तिनें जें सांगितलें तें आम्हीं प्रथमच नीट ऐकलें. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर. तसा प्रदेश आजहि सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर उरला आहे. कोंकणांतील उष्णतेनें व पावसानें तो कातळ कुजला, त्यांतील विरघळणारीं द्रव्यें वाहून गेलीं, आणि लोह व ॲल्युमिनियम मागें राहून तांबडा, सच्छिद्र जांभा झाला. जांभ्यांतून पाणी खालीं झिरपतें. चिकणमातींत मात्र तें अडतें. माती फुगून निसरडी होते, आणि पायथ्याचा आधार काढला असेल तर वरचा भार घसरूं शकतो.

बंधु रागावले. "अकरावीची पोर आम्हांस आमची दरड शिकविणार काय?" ती म्हणाली, "मी सांगतें म्हणून थांबूं नका, आजोबा. पण जाणत्याला एकदां दाखवा." आम्हांस त्या वेळीं पुणें जिल्ह्यांतील माळीण आठवलें. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं डोंगर खचून तेथें दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांत इर्शाळवाडीवर तसाच प्रसंग आला. त्या डोंगरांची घडण निराळी असेल. परंतु उतार, पाऊस आणि त्याखालीं निजलेलीं माणसें हीं सर्वत्र सारखींच. आम्हीं वडीलकीचा अधिकार प्रथमच योग्य कामीं वापरला आणि यंत्र परत पाठविलें. पुढें एक अनुभवी भूवैज्ञानिक येऊन पाहून गेले. त्यांनींहि सांगितलें कीं पायथ्यास हात लावूं नये. आधीं वरचें पाणी चर खणून बाजूस काढावें. तेवढें काम पावसापूर्वीं करून घेतलें.

यंदाच्या पावसांत दरड जागची हालली नाहीं. तोडली असती तर कोसळली असती काय, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. बंधूंची मोटार रस्त्यावरच उभी असते, आणि त्यांचा आमच्यावरील रुसवा पुरता गेलेला नाहीं. या सर्व प्रकरणाचा एकहि गुण नातीच्या गुणपत्रिकेंत पडणार नाहीं. दोन बस बदलणेंहि अजून चुकलेलें नाहीं. तथापि पुढल्या वर्षीं ज्या घरांत अशी सभा भरेल, त्या घरच्या वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे कीं, "याचा उपयोग काय?" हा प्रश्न मुलीस विचारण्यापूर्वीं आपलें घर कशावर उभें आहे हें आपणांस सांगतां येतें काय, तें एकदां पाहावें.

आणि सप्टेंबराच्या २३ तारखेस ऊन पडलें तर १२० सेंटिमीटरांची एक काठी अंगणांत जरूर उभी करावी. पुण्यास साडेबाराच्या सुमारास सावली चार अंगुळें भरेल; नागपुरास ती साडेचारांहून थोडी अधिक, कोल्हापुरास चारांहून कांहींशी कमी. मोजण्याचें काम मुलांकडे द्यावें. वडिलांनीं वही धरावी.