सुरी खाली ठेवा!



गेल्या मे महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून सांगते. आमच्या चामोर्शीचा उन्हाळा तो! पाहुणे दारात, सरबत तयार आणि बर्फाचा ट्रे फ्रीजरला घट्ट चिकटलेला. घेतली सुरी नि खुपसली. फस्स्‌ आवाज झाला आणि सगळा गॅस निघून गेला. या साध्या फ्रिजमध्ये फ्रीजरच्या पत्र्यातूनच गॅसच्या वाटा असतात, हे मला कुठे ठाऊक! दिवाळीच्या साडीसाठी साठवलेले पैसे दुरुस्तीत गेले. “घाई कायले केली?” एवढंच सासूबाई म्हणाल्या. पण ते पुरे होतं.

मग वाटलं, बर्फ चिकटूच नये असा काही लेप नसेल का? शाळेत मी मुलांना अळूचं, म्हणजे आपल्या धोप्याचं पान दाखवते. त्यावर पाणी ठरत नाही. शास्त्रज्ञांनीही तसे लेप करून पाहिले. थेंब ओघळून गेले, पण दमट हवेतली वाफ लेपाच्या बारीक खाचांतच गोठली आणि बर्फ उलट जास्त घट्ट बसला. तेव्हा दुसरी वाट शोधली गेली. २०११ साली हार्वर्डच्या संशोधकांनी घटपर्णीच्या पानावरून धडा घेऊन तेलकट द्रव मुरवलेला निसरडा पृष्ठभाग तयार केला. २०१६ साली मिशिगन विद्यापीठातून रबरासारखे लेप पुढे आले. त्यांवर बर्फ धरतो, पण पकड ढिली असते. थोड्या जोराने निसटतो.

हा काही नुसता हौसेचा उद्योग नाही. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये एक प्रवासी विमान पंखांवर बर्फ असतानाच उडालं आणि पुलाला धडकून नदीत कोसळलं. ७८ माणसं गेली. आजही उड्डाणापूर्वी बर्फ घालवायला विमानांवर ग्लायकॉलचं द्रावण फवारतात. आपलं ग्लिसरीन त्याच कुळातलं!

तेव्हा घरी असं करा. बर्फाचा थर पाव इंच झाला की प्लग काढून फ्रिजचं दार उघडं ठेवा. फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवा, खाली जाड फडकं अंथरा. बर्फ आपोआप सुटेल. सगळं कोरडं पुसून ट्रेच्या बुडाला नि फ्रीजरच्या तळाला खाण्याजोग्या ग्लिसरीनचा हलका हात फिरवा. बर्फ व्हायचा थांबणार नाही, पण ट्रे सहज निघेल. मीठ मात्र टाकू नका, ॲल्युमिनियम खराब होतं. ऊन ऊन भाजी उघडी ठेवू नका. तिचीच वाफ पुढे बर्फ होते. आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो, म्हणून सुरी, उलथनं काहीही लावायचं नाही.

माझी साडी? ती यंदाच्या दिवाळीला. पैसे पुन्हा साठवते आहे!