प्रभारी कुलगुरूंचा अर्थसंकल्प

विद्यापीठाचा अर्थसंकल्प हा मध्यमवर्गीय घरातील चर्चेचा विषय क्वचितच होतो. परीक्षा लांबली, निकाल रखडला, गुणपत्रिकेत चूक झाली की घरोघरी संताप उसळतो. पण त्या परीक्षेची व निकालाची व्यवस्था ज्या कागदावर ठरते, तो दरवर्षी मार्च महिन्यात अधिसभेपुढे येतो, मंजूर होतो आणि वृत्तपत्राच्या आतल्या पानावरील चार ओळींत विरून जातो. पाल्याच्या शुल्कातून जाणाऱ्या पैशाचे काय होते, हा प्रश्न विचारण्याची सवय समाजाला राहिलेली नाही. म्हणूनच उच्च शिक्षणातील एक गंभीर दोष वर्षानुवर्षे नजरेआड राहिला आहे. ज्याने पाच वर्षांचा विचार करायचा, त्या कुलगुरूची खुर्चीच अनेकदा ऐन वेळी रिकामी असते.

मुंबई आणि पुणे या राज्यातील दोन मोठ्या विद्यापीठांचे उदाहरण बोलके आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत मे २०२२ मध्ये संपली. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवृत्त झाले. दोन्ही ठिकाणी नवे कुलगुरू नेमले गेले ते जून २०२३ मध्ये. मधल्या काळात पुण्याचा अतिरिक्त कार्यभार लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे, तर मुंबईचा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे होता. म्हणजे मार्च २०२३ मध्ये पुढील वर्षाचे आर्थिक नियोजन होत असताना या दोन्ही विद्यापीठांना पूर्णवेळ प्रमुखच नव्हता. मुंबईत तर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधीही अधिसभेत नव्हते. ती निवडणूक लांबत लांबत सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. घरात कर्ता नाही, विचारणारेही नाहीत, आणि वर्षाचा खर्च मात्र ठरून गेला, असा हा प्रकार.

ज्यांच्याकडे कार्यभार होता, त्या व्यक्तींच्या क्षमतेचा हा प्रश्न नाही. आपले विद्यापीठ सांभाळून दुसऱ्याचा गाडा ओढणाऱ्याकडून दैनंदिन कामकाजापलीकडची अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे. प्रभारी कुलगुरू नवा विभाग सुरू करीत नाही, जुना बंद करीत नाही, मोठा करार करीत नाही. गतवर्षीच्या लेखाशीर्षांत थोडीफार वाढ किंवा घट करून तो अर्थसंकल्प पुढे सरकवतो. त्याला नियोजन म्हणत नाहीत. ती केवळ नक्कल असते.

धोरण उंबरठ्यावर, कर्ता परगावी

हे नेमके कोणत्या वर्षी घडले, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वीकारले. महाराष्ट्रात विद्यापीठांचे विभाग व स्वायत्त महाविद्यालये यांत ते २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू करण्याचे ठरले. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, श्रेयांकांची पेढी, मध्येच बाहेर पडण्याची व पुन्हा प्रवेश घेण्याची सोय, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, भारतीय ज्ञानपरंपरेचा अभ्यास, ही सारी रचना कागदावर सुंदर दिसते. पण तिला शिक्षक लागतात, वर्ग लागतात, प्रयोगशाळा लागतात, परीक्षा विभागाची नवी यंत्रणा लागते आणि या प्रत्येकासाठी आधी तरतूद लागते. तयारीचे म्हणून जे वर्ष हाताशी होते, तेच दोन प्रमुख विद्यापीठांनी प्रभारी कारभारात घालवले. धोरण फसले तर दोष धोरणाच्या माथी मारला जाईल. त्याची पेरणी कोणी केलीच नव्हती, हे कोणाला आठवणार?

विशेष म्हणजे या धोरणाने हा धोका ओळखलेला आहे. संस्थांच्या प्रमुखांची पदे रिक्त राहू नयेत, नव्या-जुन्या प्रमुखांचा काही काळ एकत्र जावा आणि सूत्रे सुरळीत हाती यावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रत्येक संस्थेने आपला विकास आराखडा तयार करावा, हेही त्यात आहे. अभ्यासक्रमाच्या रचनेवर रकाने भरून चर्चा झाली. या दोन कलमांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

पूर्वतयारीविना घेतलेल्या निर्णयाची किंमत काय असते, हे मुंबईने २०१७ मध्ये अनुभवले आहे. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. कल्पना काळाला धरून होती. पण प्रशिक्षण, यंत्रणा आणि चाचणी यांना पुरेसा अवधी दिला गेला नाही. निकाल महिनोन्‌महिने लांबले, अनेकांचे पुढील प्रवेश धोक्यात आले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. तेव्हाही मुंबईचा कार्यभार कोल्हापूरच्याच कुलगुरूंकडे गेला होता. पूर्णवेळ कुलगुरू मिळायला एप्रिल २०१८ उजाडला. पाच वर्षांत तोच धडा दुसऱ्यांदा गिरवावा लागला, याचा अर्थ पहिल्यांदा कोणी तो शिकलेच नव्हते.

दोष कोणाचा?

डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन महाविकास आघाडी सरकारने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करून शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपतिपद देण्याचा आणि कुलगुरू निवडीत राज्यपालांना शासनाने सुचवलेल्या नावांशी बांधून ठेवण्याचा घाट घातला. विद्यापीठांना मंत्रालयाच्या दावणीला बांधणारे ते विधेयक होते. त्याला झालेला विरोध योग्यच होता आणि सत्तांतरानंतर ते मागे घेतले गेले. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केरळमधील एका कुलगुरूंची नेमणूक, निवडीत विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम पाळले नाहीत म्हणून, रद्द ठरवली. निवडीची पद्धत काटेकोर असणे आवश्यक झाले. हे सर्व मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. विधेयकाला ज्यांनी विरोध केला, त्यांचे सरकार जून २०२२ च्या अखेरीस आले. मग मुंबई-पुण्याला जून २०२३ पर्यंत ताटकळत का राहावे लागले? कुलगुरूंची निवृत्ती ही काही अवचित कोसळणारी आपत्ती नव्हे. मुदत संपण्याची तारीख नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. विचार आपला आहे म्हणून दिरंगाई क्षम्य ठरत नाही. उलट जे शिक्षणाला राष्ट्रउभारणीचे साधन मानतात, त्यांच्याकडून अपेक्षा अधिक कठोर असणेच रास्त आहे.

पुढचा काळ तर आणखी कसोटीचा आहे. राज्याचे अनुदान मुख्यतः मंजूर पदांच्या वेतनात जाते. उरलेला डोलारा परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क यांवर उभा असतो. महाविद्यालये स्वायत्त होत आहेत, समूह विद्यापीठे निघत आहेत आणि संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवावी, असेच नव्या धोरणाचे म्हणणे आहे. हे योग्यच आहे; पण त्याबरोबर विद्यापीठांच्या उत्पन्नाचा हा जुना झरा आटणार, हेही उघड आहे. केंद्राने २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी ‘पीएम-उषा’ योजनेत १२,९२६ कोटी रुपये ठेवले. तो पैसा मिळवण्यासाठी तयार प्रस्ताव हाती असावा लागला. ज्याचा आराखडाच नाही, त्याने कोणत्या तोंडाने मागायचे?

आपल्या परंपरेत विद्येच्या योगक्षेमाचा विचार कधीही दुय्यम नव्हता. शीलभद्र आचार्यपदी असताना नालंदेत शिकलेल्या ह्युएनत्संगाच्या चरित्रात शंभर गावांचे उत्पन्न त्या विद्यापीठासाठी लावून दिल्याची नोंद आहे. आचार्य निश्चिंतपणे शिकवू शकत होते, कारण कोठाराची सोय पुढच्या पिढीपर्यंतची होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा शासनाचा आधार नव्हता. ध्येय स्पष्ट होते, हिशेब चोख होता, म्हणून सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली. समाज पैसा देतो. पण आधी त्याला विश्वासाचा माणूस आणि स्पष्ट योजना दिसावी लागते.

उपाय अवघड नाहीत. मुदत संपण्यापूर्वी किमान तीन महिने नव्या कुलगुरूंचे नाव जाहीर व्हावे आणि त्या वर्षीचा अर्थसंकल्प दोघांनी मिळून सिद्ध करावा. प्रत्येक विद्यापीठाचा पाच वर्षांचा आराखडा अधिसभेत मंजूर व्हावा आणि वार्षिक तरतुदी त्याच्याशी जोडल्या जाव्यात. गतवर्षी कशासाठी किती ठेवले व प्रत्यक्षात किती खर्चले, याचा तक्ता मराठीत, सामान्य पालकाला समजेल अशा रीतीने प्रसिद्ध व्हावा. प्रयोगशाळेची तरतूद पडून राहिली आणि प्रवेशद्वाराचे सुशोभन मात्र झाले, हे अशा तक्त्यातूनच उघड होईल.

आणि समाजाचे काय? विद्यापीठाचा पदवीधर आपले नाव नोंदवून अधिसभेसाठी मतदान करू शकतो. लाखो पदवीधरांपैकी फार थोडे हा हक्क बजावतात आणि उरलेले विद्यापीठाच्या नावाने बोटे मोडतात. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील दहा पदवीधरांची नोंदणी करून घ्यावी, निवडून गेलेल्या प्रतिनिधीला मार्चच्या सभेपूर्वी भेटावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षीचा पैसा कुठे गेला, आणि पुढील पाच वर्षांचा आराखडा कुठे आहे? हे प्रश्न दरवर्षी, न थकता विचारले गेले, तर रिकाम्या खुर्चीच्या सहीने पुढच्या पिढीचे भवितव्य मंजूर करण्याची हिंमत कोणत्याच सरकारला होणार नाही.